ब्रेक ऑईल महिन्याला बोटभर उतरतं, भरत राहू का?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: वडिलांची जवळपास तीस वर्षं जुनी गाडी तुमच्याकडे आली आहे, मॅन्युअल कधीच हरवलंय. ब्रेक, क्लच आणि पॉवर स्टीअरिंगचं तेल घरच्या घरी कसं बघायचं ते हवंय. शिवाय ब्रेकच्या डबीतलं तेल महिन्याभरात बोटभर उतरतं, आणि 'जुन्या गाडीत उडतंच थोडं, भरत राहा' असं तुम्हाला कुणीतरी सांगितलंय.

शेवटच्यापासून सुरू करतो. भरत राहू नका. ते तेल कुठे जातंय हे सापडेपर्यंत गाडी रस्त्यावर काढू नका. ब्रेकची यंत्रणा बंदिस्त असते. इंजिन ऑईल थोडंफार जळतं, रेडिएटरचं पाणी थोडंफार उडतं. ब्रेकचं तेल जळतही नाही आणि उडतही नाही. पातळी उतरायला दोनच कारणं. एक तर पॅड झिजले, कॅलिपरचे (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाचे) पिस्टन तेवढे बाहेर आले आणि त्यांच्यामागे मोकळ्या झालेल्या जागेत तेल जाऊन बसलं. नाहीतर ते कुठूनतरी बाहेर पडलं.

यातलं पहिलं कारण किती तेल खातं, ते मोजता येतं. समजा पुढच्या कॅलिपरचा पिस्टन ५४ मिलिमीटर व्यासाचा आहे आणि तो एकाच बाजूला आहे. नवा पॅड १० मिलिमीटर धरा, २ वर आला की बदलायचा. म्हणजे दोन्ही पॅड मिळून झीज १६ मिलिमीटर, आणि पिस्टनमागे जाणारं तेल सुमारे ३७ मिलिलिटर. दोन चाकांचं मिळून ७५ च्या आत. पॅडच्या अख्ख्या आयुष्यात हे एवढंच, आणि ते आयुष्य हजारो किलोमीटरचं असतं. तेवढं तेल तुमची गाडी दर महिन्याला संपवत असेल, तर ती गळती आहे. उडतं वगैरे काही नाही.

आता नावाचा घोळ, कारण त्यातून मी बऱ्याच गाड्या बिघडलेल्या पाहिल्यात. आपण सगळे सर्रास 'ब्रेक ऑईल' म्हणतो. मीही म्हणतो, पुढेही म्हणणार आहे. पण ते ऑईल नव्हेच. ते ग्लायकॉलच्या जातीचं रसायन आहे, पाण्यात मिसळतं, हवेतला दमटपणा ओढून घेतं. ब्रेकमधले रबरी कप आणि सील याच रसायनाला सोसतील अशा रबराचे असतात. त्यांना खनिज तेल लागलं, मग ते इंजिन ऑईल असो, स्टीअरिंगचं असो की गिअरबॉक्सचं, की ते फुगतात. नुसतं काढून धुऊन भागत नाही. मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की तेलाला दाब देणारा), कॅलिपर, व्हील सिलिंडर (ड्रममधले शू ढकलणारा), रबरी होज, जिथे जिथे रबर आहे ते सगळं बदलावं लागतं. शब्द 'ऑईल' आहे म्हणून कुणीतरी भल्या मनाने हाताशी असलेलं ऑईल ओततो आणि दोन दिवसांनी ब्रेक धरून ठेवतात, चाकं तापतात.

गाडी नव्याने हातात आली असेल तर आधी हेच तपासा. डबीचं झाकण उघडलं की बहुतेक गाड्यांत आत रबरी पडदा किंवा वॉशर असतो. तो झाकणात नीट बसत नसेल, फुगून लिबलिबीत किंवा वेडावाकडा झाला असेल, तर भलतंच तेल पडल्याची शंका घ्या. आणखी एक सोपी चाचणी आहे. स्वच्छ ड्रॉपरने डबीतलं थोडं तेल छोट्या काचेच्या बाटलीत घ्या, तितकंच पाणी घाला, हलवा आणि ठेवून द्या. एकजीव झालं तर ग्लायकॉलचं आहे. दोन थर वेगळे झाले तर ते सिलिकोनचं आहे किंवा खनिज तेल. पाणी बाटलीत घालायचं, डबीत नव्हे. हसू नका, एकाने केलं होतं.

पातळी बघण्याची रीत. गाडी सपाट जागी, इंजिन बंद. नंतरच्या गाड्यांची डबी अर्धपारदर्शक प्लास्टिकची असते आणि तिच्यावर 'मॅक्स' आणि 'मिन' अशा खुणा असतात. तीस वर्षांनी ते प्लास्टिक पिवळं पडतं आणि आत एक डागाची रेघ बसते. ती रेघ बाहेरून हुबेहूब तेलाच्या पातळीसारखी दिसते. खूपजण तिच्याकडे बघून 'भरलेली आहे' म्हणतात. म्हणून टॉर्च डबीच्या मागून धरा आणि दुसऱ्या हाताने गाडी हलकेच हलवा. जी रेघ डुचमळते ती तेलाची, जी जागची हलत नाही ती डागाची.

त्याहून जुन्या गाड्यांत डबी लोखंडी किंवा पत्र्याची असते, काहींत तर मास्टर सिलिंडर पायाखालच्या पाटाखाली दडलेला असतो. तिथे झाकण उघडल्याशिवाय काही कळत नाही. खूण नसेल तर काठापासून साधारण ६ मिलिमीटर खाली, असा जुना दंडक आहे. झाकण उघडण्याआधी वरची धूळ आणि चिकटा सुती फडक्याने पुसा. आत पडलेला एक खडा मास्टर सिलिंडरच्या भिंतीवर ओरखडा काढायला पुरतो. झाकणाला हवेसाठी बारीक छिद्र असेल तर ते मोकळं आहे ना बघा, बुजलेलं असलं की तेल खाली उतरताना अडतं. आणि उघडं ठेवून चहाला जाऊ नका. बघा, लावा.

ब्रेकचा लाल दिवा आहे म्हणून निश्चिंत राहणाऱ्यांसाठी: तो दिवा डबीतल्या फ्लोटवर चालतो आणि जुना फ्लोट अडकतो. बऱ्याच झाकणांवर मधोमध रबरी बटण असतं. इग्निशन चालू करून, हँडब्रेक सोडून ते दाबलं की दिवा लागायला हवा. नाही लागला तर तो दिवा असून नसल्यासारखा.

एक अपवाद सांगून ठेवतो. १९८० आणि ९० च्या दशकांतल्या काही एबीएस गाड्यांत (ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा असलेल्या) बुस्टरऐवजी, म्हणजे इंजिनच्या व्हॅक्यूमवर पायाचा जोर वाढवणाऱ्या डब्याऐवजी, विजेचा पंप आणि दाब साठवणारा गोळा असतो. तिथे गोळा भरलेला असताना डबीतली पातळी कमी दिसते आणि रिकामा झाला की वाढते. कोणत्या अवस्थेत बघायचं ते मॉडेलप्रमाणे बदलतं, त्यामुळे अशा गाडीचं मॅन्युअल मिळवाच.

आता गळती शोधणं. माझ्या मते खरं काम हेच.

सगळे आधी गाडीखाली थेंब शोधतात. थेंब दिसला तर काम सोपं, पण दिसला नाही म्हणून गळती नाही असं नसतं. ब्रेकचं तेल तीन ठिकाणी गुपचूप जातं.

पहिलं ठिकाण मागचे ड्रम. व्हील सिलिंडरचा कप म्हातारा झाला की तेल ड्रमच्या आतच झिरपतं, शूचं लायनर ते पितं, ब्रेकच्या काळ्या भुकटीत त्याचा चिखल होतो. जमिनीवर काहीच दिसत नाही. बऱ्याच दिवसांनी ड्रमच्या मागच्या पत्र्याच्या खालच्या कडेला ओलसर काळा पट्टा येतो, कधी टायरच्या आतल्या बाजूला ओघळ. ब्रेक मारल्यावर गाडी एका बाजूला ओढत असेल तर संशय आणखी पक्का. ड्रम काढा, व्हील सिलिंडरच्या दोन्ही टोकांची रबरी टोपणं बोटाने हलकेच उचकटा. आतून ओघळ आला तर चोर सापडला. लायनर भिजलं असेल तर ते धुऊन, पॉलिशपेपर मारून परत लावू नका. मुरलेलं तेल गरम झालं की पुन्हा वर येतं. एका बाजूचं भिजलं तरी दोन्ही बाजूंचे शू एकदम बदला.

दुसरं ठिकाण बुस्टर, आणि हे भल्याभल्यांना चकवतं. मास्टर सिलिंडरचं मागचं सील गेलं की तेल थेट व्हॅक्यूम बुस्टरच्या पोटात जातं. बाहेर एक थेंब नाही, चारही चाकं कोरडी. इंजिन व्हॅक्यूमच्या पाइपातून त्यातलं थोडं थोडं ओढून घेतं आणि जाळतं; सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो आणि लोक इंजिनचे वॉशर बदलत बसतात. एक गाडी माझ्याकडे आली ती तीन महिने अशीच 'टॉप-अप' वर चालली होती. आधीच्या ठिकाणी चारही चाकं उघडून झाली होती, काही सापडलं नव्हतं. मी मास्टर सिलिंडरचे दोन नट सोडले, पाइप न काढता तो दोन बोटं पुढे ओढला आणि मागे हात घातला. हात कोपरापर्यंत चिकट. बुस्टरमधून पाव लिटरच्या आसपास तेल निघालं, आतला रबरी पडदाही गेला होता. मास्टर सिलिंडर आणि बुस्टर दोन्ही बदलावे लागले. पहिल्या महिन्यात बघितलं असतं तर नुसत्या सीलवर भागलं असतं.

तिसरं, पेडलच्या बाजूला. बुस्टर नसलेल्या गाडीत मास्टर सिलिंडरचं मागचं टोक थेट पायाशी येतं. मॅट आणि खालचा गालिचा उचला, पेडलच्या दांड्यावर बोट फिरवा. बॉनेटच्या बाजूने बघताना मास्टर सिलिंडरखालच्या पत्र्याचा रंग फुगलेला किंवा सोललेला दिसला तर तीही साक्षच. ब्रेकचं तेल रंग खातं. तुमच्या हातून रंगावर सांडलं तर पुसत बसू नका, आधी भरपूर पाणी ओता. पाण्यात मिसळण्याचा त्याचा गुण तिथे कामी येतो.

हे का ताणून सांगतोय, तर १९६० च्या दशकापर्यंतच्या पुष्कळ गाड्यांत चारही चाकांना मिळून एकच सर्किट असायचं. एक कप फुटला की पेडल सरळ फळीला टेकतं, मागे राहतो फक्त हँडब्रेक. अमेरिकेत १९६८ पासून नव्या गाड्यांना दुहेरी यंत्रणा सक्तीची झाली. तुमच्या गाडीत बहुधा दुहेरीच असेल, तरी डबीला आत दोन कप्पे आहेत का आणि नेमका कोणता उतरतोय हे बघा. कोणत्या चाकांकडे शोधायचं ते तिथेच कळतं.

आणि याच्या उलटही लक्षात ठेवा: डबी काठोकाठ भरलेली आहे म्हणजे ब्रेक चांगले आहेत असं नाही. इंजिन चालू ठेवून पेडल एकसारखं दाबून धरा. अर्धा मिनिट घट्ट राहायला हवं. हळूहळू खाली जात असेल आणि पातळी मात्र तीच असेल, तर मास्टर सिलिंडरच्या आतले कप दाब सोडताहेत.

कोणतं तेल घालायचं? झाकणावर बहुतेक वेळा लिहिलेलं असतं: डॉट ३ किंवा डॉट ४. हे आकडे उकळण्याच्या तापमानाचे आहेत. डॉट ३ कोरडं असताना किमान २०५ अंश सेल्सिअसला उकळायला हवं, डॉट ४ किमान २३० ला. पाणी मुरलेलं असताना, म्हणजे मानकाप्रमाणे ३.७ टक्के, हेच आकडे १४० आणि १५५ वर येतात. उतारावर ब्रेक तापले आणि आत वाफ झाली की पेडल पायाखालून गेल्यासारखं वाटतं, ते यामुळे. म्हणून पातळी ठीक असली तरी दर दोन वर्षांनी तेल बदला. रंग काळपट झाला असेल तर बदलायला कारण मिळालं, पण रंग स्वच्छ आहे म्हणून पाणी नाही असं समजू नका.

डॉट ३ च्या जागी डॉट ४ चालतं. डॉट ५ मात्र सर्वस्वी वेगळं, ते सिलिकोनचं आणि बहुधा जांभळं. ५.१ हे नाव त्याच्याशी मिळतंजुळतं असलं तरी ते परत ग्लायकॉलचंच. नाव ठेवणाऱ्याने इथे थोडा विचार करायला हवा होता. हौशी लोक जुन्या गाडीचा रंग खराब होऊ नये म्हणून कधीकधी सिलिकोन भरतात, त्यामुळे ती पाण्याची चाचणी तुम्ही कराच. डॉट ५ आणि बाकीची एकत्र करायची नाहीत. फोडून वर्षभर पडलेली बाटली वापरू नका, आणि ब्लीडिंग करताना, म्हणजे पाइपातली हवा काढताना, निघालेलं तेल परत डबीत ओतू नका.

भरतानासुद्धा 'मॅक्स' च्या हव्यासात पडू नका. उमेदीच्या काळात मी प्रत्येक गाडीची डबी काठापर्यंत भरून द्यायचो, काम चोख दिसावं म्हणून. मग एकदा अशाच गाडीचे झिजलेले पॅड बदलले, पिस्टन आत ढकलले, आणि पिस्टनमागचं सगळं तेल वर येऊन डबीतून बॉनेटखालच्या पत्र्यावर सांडलं. दोन दिवसांत तिथला रंग पापडासारखा सुटला आणि तो मला स्वतःच्या खर्चाने लावून द्यावा लागला. पॅड अर्धे झिजले असतील तर पातळी दोन खुणांच्या मध्ये असणं हेच बरोबर आहे. खरं तर ती पॅडची झीज दाखवणारी फुकटची पट्टी आहे. वरून भरलं की ती पट्टी पुसली जाते.

क्लच हायड्रॉलिक असेल तर त्याचं वेगळंच गणित. त्यातही ब्रेकचंच तेल असतं. आपोआप जुळवून घेणाऱ्या क्लचमध्ये प्लेट झिजत जाते तसा स्लेव्ह सिलिंडरचा (क्लचच्या बाजूला बसलेल्या सिलिंडरचा) पिस्टन आत ढकलला जातो आणि डबीतलं तेल उलट किंचित वर चढतं. म्हणजे क्लचची पातळी उतरायला झिजेचं निमित्तसुद्धा नाही; उतरली तर गळतीच. स्लेव्हचं रबरी टोपण आणि पेडलचा दांडा, दोन्ही बघा. काही गाड्यांत ब्रेक आणि क्लचची डबी एकच असते. तिथे क्लचचा पाइप मुद्दाम वरच्या अंगाला काढलेला असतो, म्हणजे क्लच गळला तरी ब्रेकपुरतं तेल शिल्लक राहावं.

पॉवर स्टीअरिंगमध्ये मात्र बहुधा खरंखुरं ऑईल असतं. बऱ्याच जुन्या गाड्यांत लाल एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल), काहींत हिरवं खास हायड्रॉलिक ऑईल. लाल काढून हिरवं किंवा हिरवं काढून लाल घालायचं नाही. झाकणालाच बहुधा छोटी डिपस्टिक असते, तिच्यावर 'कोल्ड' आणि 'हॉट' अशा दोन खुणा. गाडी रात्रभर उभी असेल तर कोल्ड, फिरून आली असेल तर हॉट. गार इंजिनाला हॉटपर्यंत भरलं तर तापल्यावर उतू जातं. इंजिन बंद करून बघा. स्टीअरिंग वळवताना कण्हल्यासारखा आवाज येत असेल आणि तेलावर फेस असेल, तर पातळी खाली जाऊन पंप हवा ओढतोय. भरल्यावर इंजिन चालू करून स्टीअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत चारपाच वेळा सावकाश फिरवा, टोकाला दाबून धरू नका, पुन्हा बघा. गळती सहसा जास्त दाबाच्या होजच्या पत्री जोडावर असते. नाहीतर रॅकच्या (स्टीअरिंगसरशी चाकं वळवणाऱ्या आडव्या दांड्याच्या) टोकांच्या घडीदार रबरी बेलोजमध्ये. तो दाबून बघा. पाणी भरलेल्या फुग्यासारखा लागला तर रॅकचं सील गेलं. इथली गळती ब्रेकइतकी जिवावरची नाही, पण गरम सायलेन्सरवर तेल ठिबकत असेल तर ताबडतोब बंदोबस्त करा.

तुम्ही विचारलं नाहीत, पण गाडी ऑटोमॅटिक असेल तर एवढं लक्षात ठेवा: बहुतेक गिअरबॉक्समध्ये पातळी इंजिन चालू ठेवून, तेल तापलेलं असताना, सगळ्या गिअरमधून एकदा फिरवून 'पार्क' मध्ये बघतात. काहींत 'न्यूट्रल' मध्ये, काहींत इंजिन बंद करून लगेच. खात्री नसताना जास्त भरणं हे थोडं कमी असण्याइतकंच वाईट, कारण फिरणारे भाग ते घुसळून फेस करतात. डिपस्टिक पुसायला सूत सुटणारी चिंधी नको. करपल्यासारखा वास आला किंवा तेल गुलाबी दुधासारखं दिसलं, तर भरण्याचा प्रश्नच उरला नाही. दुधाळ म्हणजे रेडिएटरमधल्या कूलरमधून पाणी आत शिरलंय. आणि इथेही बुस्टरसारखीच एक चोरवाट आहे: जुन्या काही ऑटोमॅटिकमध्ये व्हॅक्यूमवर चालणारा मॉड्युलेटर असतो, त्याचा पडदा फाटला की इंजिन गिअरबॉक्सचं तेल ओढून जाळतं. त्याची व्हॅक्यूमची नळी काढून बघायची. आत तेल दिसलं की कळलं.

सिट्रोएनच्या हायड्रोन्यूमॅटिक गाड्यांचं सगळंच न्यारं, तिथे सस्पेन्शन आणि ब्रेक एकाच टाकीवर चालतात. पूर्वी लाल एलएचएस नावाचं तेल, १९६६ पासून हिरवं खनिज एलएचएम. त्या हिरव्यात ब्रेक ऑईल टाकणं म्हणजे आपल्या गाडीत इंजिन ऑईल टाकण्यासारखंच. पातळी इंजिन चालू ठेवून, गाडी पूर्ण वर उचललेली असताना बघतात. तुमची गाडी ती नसावी, नाहीतर तुम्ही प्रश्न वेगळाच विचारला असता.

आता तुम्ही करायचं ते असं. आज डबी दोन खुणांच्या मध्यापर्यंत भरा, त्या पातळीला बाहेरून कागदी टेपचा तुकडा चिकटवा आणि पेनने बारीक रेघ मारून तारीख घाला. गाडी न हलवता, इंजिन बंद ठेवूनच रोज सकाळी पेडल वीसेक वेळा नेहमीच्या जोराने दाबा, शेवटच्या खेपेला मिनिटभर धरून ठेवा. आठवड्याने रेघ बघा. उतरली असेल तर आधी मागचे दोन्ही ड्रम उघडा. ते कोरडे निघाले तर पुढचे कॅलिपर, होज आणि पाइपांचे जोड, आणि तेही कोरडे असतील तर मास्टर सिलिंडर पुढे ओढून मागे हात घाला. रेघ जागेवरच राहिली, तरी बुस्टरच्या व्हॅक्यूम पाइपाचं टोक काढून आत बोट फिरवा. ओलं लागलं तर मला त्या मास्टर सिलिंडरचा फोटो पाठवा.